लाल फुली

माझा धाकटा भाऊ उद्यान खात्यात साहेब झाला आणि झाडांचे वाईट दिवस सुरू झाले. परदेशी काटेरी झाडं ओळखायची आणि खोडावर लाल फुली मारायची, एवढंच त्याचं काम. मग माणसं येऊन ती तोडतात. तेवढंही त्याला झेपत नाही. फुली मारली कुठे, तर आमच्याच अंगणातल्या बाभळीवर! तिच्या सावलीत आमची आई दिवसभर खुर्ची टाकून बसते. तिच्या खोलीवर पत्रा आहे, दुपारी आत पाऊल ठेववत नाही.

"अरे, ही साधी बाभूळ आहे. इथलीच," मी म्हणाले. मी कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवते, पण घरात मला कोण विचारतंय?

"वेडी बाभूळ आहे, ताई. परदेशी. हे बघ फूल." त्याने तळहातावरचा लांबट, फिकट तुरा दाखवला.

"कुठे मिळालं?"

"झाडाखालीच पडलं होतं."

मी कपाळावर हात मारला. नव्या बुटांत काटा घुसेल म्हणून स्वारी जमिनीकडे बघतच आली होती. मागच्या गल्लीतल्या वेड्या बाभळीचा तुरा वाऱ्याने भिंतीवरून इकडे पडला, तो ह्याने उचलला. मान वर करायचे कष्ट साहेबांनी का घ्यावेत?

"खोड बघ. काळपट, आणि भेगा इतक्या खोल की बोट आत जातं. पान बघ, एका देठावर पिसासारख्या पात्यांच्या चारपाच जोड्या. तिकडच्या झाडाला एकदोनच असतात. आणि आता कृपा करून वर बघ. पिवळीधमक, गोल फुलं, लोकरीच्या गोंड्यासारखी. तुझ्या हातातल्या तुऱ्याशी त्यांचा काडीचा तरी संबंध आहे का?"

त्याने वर बघितलं. चेहरा पडला. म्हणजे कळलं होतं. पण तेवढ्यात मुकादम करवतवाल्यांना घेऊन फाटकातून आत आला.

"फुली मारून झालीय, ताई," तो पुटपुटला. "आता माणसांसमोर शब्द कसा फिरवू?"

मला त्याची किळस आली. आईची सावली गेली तरी चालेल, ह्याचा रुबाब जाता कामा नये!

"आजी, जरा उठता का?" मुकादम म्हणाला. भाऊ बुटांवरची धूळ झटकू लागला.

आई उठली नाही. तिने लेकाकडे एकदा बघितलं आणि मुकादमाला म्हणाली, "फुली चुकीच्या झाडावर पडली, बाबा. मीच त्याला हे झाड दाखवलं. हल्ली मला नीट दिसत नाही. तोडायचं ते मागच्या गल्लीत आहे."

अजून बिनचष्म्याची सुईत दोरा ओवते माझी आई.

मी भावाकडे बघत राहिले. निदान आता तरी तोंड उघडेल, असं मला वाटलं. त्याने उघडलंही.

"वय झालंय तिचं," तो मुकादमाला म्हणाला. "चला, मागे चला."