वरचे चार झिंगे

"एवढं तं माझ्या सासऱ्यानं बी नोतं इचारलं," विम्याचा फॉर्म भरता भरता अश्वजित पुटपुटला.

पडद्याअलीकडे वांग्याला फोडणी देणाऱ्या दीपमालाला ते स्वच्छ ऐकू आलं. न यायला काय झालं? साकोलीतल्या त्यांच्या तीन खोल्यांच्या घरात स्वयंपाकघर आणि 'ऑफिस' यांच्यामध्ये फुलाफुलांचा एक पडदाच काय तो होता. पडद्यापलीकडे टेबल, पंखा, बाबासाहेबांची तसबीर आणि गिऱ्हाइकांसाठी गादीच्या दोन खुर्च्या. बाहेर दारावर पाटी: 'अश्वजित रामटेके, बिझनेस कोच'.

कोच म्हणजे काय, हे सुरुवातीला आळीत कुणालाच कळेना. एक जण तर पोराला कबड्डीसाठी घेऊन आला होता. अश्वजितनं त्यालाही पाणी दिलं, बसवलं, तासभर समजावून सांगितलं. शहापूरकडच्या एका कंपनीत त्यानं पंधरा वर्षं माल खपवला होता. कंपनी बंद पडली, तेव्हा त्यानं मोबाइलवर कोर्स केला, प्रमाणपत्राला प्लास्टिक चढवलं आणि लोकांचे धंदे सुधारायला बसला. घर दीपमालाच्या पंचायत समितीतल्या पगारावर चालत होतं, पण ते घरात कुणी बोलून दाखवत नसे.

आता मात्र खरं काम चालून आलं होतं. नागपूरच्या एका संस्थेला चाळीस बचत गटांच्या बायकांना धंदा शिकवायला माणूस हवा होता. त्यांनी अश्वजितला निवडलंही. अट एकच: कोचकडे स्वतःचा विमा पाहिजे, आणि तोही सोमवारच्या आत.

"माझा आयुष्याचा विमा आहे न," अश्वजित म्हणाला होता.

"तो तुमी मेल्यावरचा, मामा," त्याचा भाचा अनुप म्हणाला. अनुप विम्याचा एजंट. "हा जिवंतपणीचा. तुमी सल्ला देल्ला, समोरच्यानं आयकला, अन् त्याचा धंदा बुडला. मंग तो तुमच्यावर दावा ठोकते. ते पैसे कंपनी भरते. डॉक्टर, वकील घेतेत असा विमा. आता तुमी बी त्यायच्याच लायनीत."

डॉक्टर-वकिलांच्या लायनीत बसायला मिळालं म्हणून अश्वजितचा चेहरा जो उजळला, तो चौदाव्या प्रश्नापर्यंत टिकला.

चौदावा प्रश्न असा होता: तुमच्या सल्ल्यामुळे कुणाचं नुकसान झालं असल्याचं तुम्हांला माहीत आहे काय? असल्यास तपशील द्या.

"नाही लिवा न मामा," अनुप जरा घाईनंच म्हणाला.

"कसं लिवू?" अश्वजितनं वर तसबिरीकडे पाहिलं. "या फोटोखाली बसून खोटं लिवू? भागीरथाबाईचं दुकान बसलं माझ्यापायी."

पडद्याअलीकडे दीपमालाचा झारा थांबला.

भागीरथाबाई म्हणजे सानगडीच्या बाजारात मासे विकणारी ढिवरीण. अश्वजितचं पहिलं गिऱ्हाईक, आणि नेमानं येणारं एकमेव. गेली दोन वर्षं दर बुधवारी ती एसटीनं साकोलीला यायची, गादीच्या खुर्चीत पाय वर घेऊन बसायची आणि तासभर बोलायची. अश्वजित वहीत सगळं लिहून घ्यायचा. बर्फ महागला, मच्छीमार सोसायटीच्या अध्यक्षानं तलावाच्या हिश्शात गडबड केली, जावई बोलत नाही, सगळंच. फी म्हणून ती कधी पैसे द्यायची, कधी पिशवीतून रोहू.

अश्वजितनं तिला तीन गोष्टी सांगितल्या होत्या. एक भाव ठेवायचा. घासाघीस करू द्यायची नाही. आणि तोलून झाल्यावर गिऱ्हाइकाच्या पिशवीत वरून मूठभर झिंगे टाकायची सवय मोडायची, कारण वर्षभराचे ते झिंगे धरले तर त्यात एक फ्रीज येतो. त्यानं स्वतःच्या खर्चानं तिला पाटीही रंगवून दिली होती.

"तीन बुधवार झाले, आली नाही," अश्वजित म्हणाला. "परवा मी सानगडीवरून आलो. तिच्या जागेवर कांदे होते. कांदे, अनुप."

"तुमच्यामुळेच कायले बंद झालं असंल जी," दीपमाला पडद्यातून डोकावून म्हणाली.

"मंग कोनामुळे?"

दीपमालानं झारा या हातातून त्या हातात घेतला. मग "भाजी लागून राहिली" म्हणत आत गेली.

तिला सांगता आलं असतं. तिचं माहेर सानगडीचं. बाजाराच्या दिवशी आईकडे गेली की मासे भागीरथाकडूनच घ्यायची. अश्वजितच्या सल्ल्यानंतरच्या पहिल्याच खेपेला भागीरथानं रोहू तोलला, दहा रुपयांवरून तिच्याशी मनसोक्त भांडली, पाच रुपये सोडले आणि मग इकडेतिकडे पाहून पिशवीत वरून चार झिंगे टाकले. "साहेबायले नोका सांगू, बाई." दीपमालानं नाही सांगितलं. झिंगे आईच्या चुलीवर तिखटमीठ लावून परतले, तिथंच खाल्ले, आणि बडीशेप चावत घरी आली. असं दोन वर्षं चाललं होतं. चोरून खाल्ल्यामुळे त्यांना चव जरा जास्तच यायची, हेही खरं.

आणि सांगणार तरी कसं? बुधवारी सकाळी अश्वजित शर्टाला स्वतः इस्त्री करायचा. दोनदा.

"मी जाऊन इचारतो तिले," अश्वजितनं फॉर्म फाईलमध्ये घातला. "नुकसान किती झालं ते तपशिलात लिवा लागंल."

अनुपनं पुन्हा पडद्याशी आलेल्या मामीकडे पाहिलं. मामीनं अनुपकडे पाहिलं. अनुपही सानगडीलाच मासे घ्यायचा.

"मी बी येते," दीपमाला म्हणाली आणि गॅस बंद केला.

अनुपच्या गाडीतून ते निघाले. वाटेत अश्वजित भागीरथाबाईशी काय बोलायचं ते मनातल्या मनात घोळवत होता. त्याचे ओठ हलत होते. दीपमालाही घोळवत होती. "ऐका न जी," असं तिनं दोनदा सुरू केलं. पहिल्यांदा ट्रक आडवा आला. दुसऱ्यांदा काहीच आडवं आलं नाही, तरी ती म्हणाली, "पान्याची बाटली आनली का?"

भागीरथाचं घर सानगडीच्या टोकाला, तलावाकडे. अंगणात जाळं वाळत होतं. कोपऱ्यातल्या न्हाणीला तीन बाजूंनी तुराट्यांचा कूड होता, आणि चौथ्या बाजूला आडोसा म्हणून अश्वजितनं रंगवून दिलेली पाटी उभी केली होती. अक्षरं बाहेरच्या बाजूला: 'एकच भाव. कृपया घासाघीस करू नये.'

अनुप खोकण्याच्या निमित्तानं गाडीकडे वळला. अश्वजित मात्र पाटीसमोर हात जोडल्यासारखा उभा राहिला.

"पाहा," तो हळूच दीपमालाला म्हणाला. "काढून टाकली. किती मनाले लागलं असंल बाईच्या."

भागीरथा पदराला हात पुसत बाहेर आली. साहेबाला पाहून तिचा चेहरा फुलला, मागे पाटी आहे हे आठवून पडला, आणि ती लगबगीनं न्हाणीपुढे जाऊन उभी राहिली. ती रुंद असली तरी पाटी तिच्याहून रुंद होती. दोन्ही बाजूंनी 'एकच' आणि 'नये' तेवढं दिसत राहिलं.

"या जी साहेब. जय भीम. बाई, तुमी बी? बसा न."

"बसाले नाही आलो," अश्वजित म्हणाला. "दुकान काहून बंद केलं, भागीरथाबाई?"

"अवो, माझी पोरगी नीतू बाळंत झाली न. पोरगा झाला. सवा महिना तिले सोडून कशी जाऊ?"

आतून खरोखरच बाळाच्या रडण्याचा आवाज आला. कुठल्याही माणसाची एवढ्यावर खात्री पटली असती. पण अश्वजितनं दुःखानं मान हलवली.

"मले वाईट वाटू नये म्हनून तुमी नातवाचं नाव करून राहिल्या. मन मोठं आहे तुमचं. पन खरं सांगा. झिंगे बंद केले, म्हनून गिऱ्हाईक तुटलं न?"

भागीरथानं दीपमालाकडे पाहिलं. दीपमाला जाळ्याची भोकं मोजू लागली.

"गिऱ्हाईक आहे तसंच आहे जी," भागीरथा म्हणाली.

"एक भाव केला, म्हनून लोक रागावले."

"कोनी नाही रागावलं."

"घासाघीस नाही म्हनून दुसरीकडे गेले."

"कुटं जातेत? च्या ठेवू का?"

"पाहा, बोलत बी नाही," अश्वजित म्हणाला. त्यानं फाईल उघडली, फॉर्म काढला आणि गाडीच्या बॉनेटवर ठेवला. "अनुप, पेन दे. मी 'होय' लिवतो."

"मामा, 'होय' लिवलं तं कंपनी विमा नाही देत. सोमवार निघून जाईल. नागपूरचं काम गेलं समजा."

"जाऊ दे. एका बाईचं दुकान बुडवून चाळीस गटायले काय शिकवू? पाटी बी उतरवतो घरची. कुठी गेटवर वॉचमनची नोकरी भेटंल. तिथं सल्ला द्या लागत नाही, सलाम ठोका लागते."

हे तो रागानं म्हणाला असता तर दीपमालानं सोडून दिलं असतं. पण तो अगदी शांतपणे म्हणाला, आणि बुधवारच्या इस्त्रीच्या शर्टाच्या खिशातून चष्मा काढून पुसू लागला. चष्मा लावून त्यानं चौदाव्या प्रश्नापुढे पेन टेकवलं. 'हो' उमटला.

"थांबा जी," दीपमाला म्हणाली.

तो थांबला.

"तिनं वरचे झिंगे कदीच बंद नाही केले. दोन वर्सं मी खाऊन राहिली. मायच्या घरी."

अश्वजितनं चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं. मग अनुपकडे. अनुप म्हणाला, "मले बी टाकते, मामा. मी एजंट आहे म्हनून दोन जास्त."

"अन् एकच भाव?" अश्वजितनं भागीरथाला विचारलं.

भागीरथानं खाली मान घातली आणि न्हाणीपुढून बाजूला झाली. पाटी पूर्ण दिसू लागली.

"घासाघीस?"

"त्याच्याबिगर बाजारात करमतच नाही जी."

जाळ्यावर एक कावळा येऊन बसला. त्याला कुणी हाकललं नाही. आत बाळ रडायचं थांबलं होतं, जणू त्यालाही पुढचं ऐकायचं होतं. अश्वजितनं पेनाचं टोपण लावलं, काढलं, परत लावलं.

"मंग दर बुधवारी," तो म्हणाला, "एसटीचं तिकीट काढून तुमी कायले येत होत्या?"

भागीरथानं पदर खांद्यावर नीट घेतला. दोन वर्षं ती ज्या खुर्चीत पाय वर घेऊन बसत होती, ती खुर्ची समोर असल्यासारखी ती जरा सरळ झाली.

"साहेब, तुमी सांगतलेलं मिनं एक बी केलं नाही," ती म्हणाली. "पन तुमाले सांगतल्याबिगर बी मिनं काईच केलं नाही."