भिजलात का?

"डाग गेले," नकाशेवाला खुर्ची मागे ढकलत म्हणाला. "एकसुद्धा राहिला नाही बघा, ताई."

ताईंनी नियंत्रण कक्षातल्या पडद्याकडे पाहिलं. उपग्रह डोक्यावरून गेला की वणव्याची धग लाल ठिपक्यांनी उमटायची, आणि गेले दोन दिवस डोंगराचा उतार नुसता गोवर आल्यासारखा दिसत होता. आता तिथे पांढराशुभ्र ढग होता.

"पाऊस आला. सुटलो एकदाचे," साहेब म्हणाले. साहेबांना वाईट बातमी पचायची नाही आणि चांगली पोटात राहायची नाही. "कळवून टाका, आग विझली."

कळवायची एक पद्धत होती, ताईंनीच पाडलेली. ढगाआडची आग उपग्रहाला दिसत नाही. म्हणून डाग गेले तरी डोंगरावरच्या माणसाला वायरलेसवर आधी विचारायचं, "भिजलात का?" तो "भिजलो" म्हणाला की मगच विझली म्हणायचं. हा माणूस बहुतेक वेळा ताईंचा नवराच असे, आग विझवणाऱ्या तुकडीचा मुकादम. ताई सेटवरही त्याला "अहो" म्हणायच्या आणि सगळी खोली गालातल्या गालात हसायची.

आज त्यांनी विचारलं, तर सेट नुसता खरखरला. पुन्हा विचारलं, पुन्हा खरखरच. साहेब घाई करत होते हे खरं, पण त्यांच्यावर ढकलण्यात अर्थ नव्हता. नवरा घरी यायला हवा होता तो ताईंनाच.

"उतारावरची आग विझली," उत्तर न मिळताच त्या सेटवर म्हणाल्या.

या वेळी तुकडीतल्या पंपवाल्याने ऐकलं. "बरं झालं, ताई. मुकादम टेकाडापलीकडे गेलेत. आले की घळीतून उतरतो, जवळ पडतं."

ताईंनी चहा ओतून घेतला. सहज म्हणून डोंगरावरच्या पर्जन्यमापकाचा आकडा पाहिला. शून्य.

"हे बंद पडलंय का रे?"

"नाही ताई, सकाळीच तपासलंय," नकाशेवाला म्हणाला, आणि त्याचाही चेहरा उतरला.

ढग होता, पाऊस नव्हता. गेल्या वर्षी पाऊस मनासारखा पडला तेव्हा सगळे खूश होते, ताईसुद्धा. त्याच पावसाने घळीत पुरुषभर गवत वाढवलं होतं, आणि आता ते वाळून कडकडीत झालं होतं.

ताईंनी कप ठेवून बटण दाबलं. "घळीत उतरू नका. अहो, ऐकताय का? मागे फिरा." घळीत सेट लागत नाही हे त्यांना माहीत होतं. तरी त्या बोलत राहिल्या. त्यांना इतकी भीती वाटत होती की खुर्चीतून उठवेना. पडद्यावर तोच ढग होता. उपग्रहाची पुढची फेरी संध्याकाळशिवाय नव्हती.

दुपार कलली तेव्हा खिडकीवर थेंब वाजले. शून्याचा आकडा हलला, मग भराभर चढू लागला. पाठोपाठ सेट बोलला.

"ताई, पंपवाला बोलतोय. घळ पेटली होती. मुकादमांनी आम्हाला ढकलून वर काढलं."

"आणि ते?"

"मागे होते, ताई."

साहेब जवळ आले. "तुम्ही उठा. मी विचारतो."

"नाही साहेब. हे माझं काम आहे." ताईंनी बटण दाबलं. "भिजलात का?"

"पंपवाला, भिजलो."

"ड्रायव्हर, भिजलो."

"कुऱ्हाडवाला, भिजलो, ताई." तो रडत होता.

मग सेट गप्प झाला. बाहेर पाऊस चांगला धो धो कोसळत होता. सगळे ताईंच्या तोंडाकडे पाहत होते, विझली म्हणायचं तेवढं राहिलं होतं.

ताईंनी पुन्हा बटण दाबलं.

"अहो," त्या म्हणाल्या, "भिजलात का?"

खोलीत कुणी हसलं नाही.