मोबाईलमधलं पोट

परवानगी घ्या.

तपासणीच्या सरावाच्या ॲपमध्ये हे एक बटण आहे. दाबलं की हिरवं होतं आणि ॲपमधली गरोदर बाई पोट उघडं टाकून निवांत पडून राहते. ती कधी दचकत नाही. नर्सिंग कॉलेजची बस पोचेस्तोवर सुनयना अशी दोन-तीन पोटं तपासून मोकळी व्हायची. पैकीच्या पैकी गुण.

रुग्णालयात खरी बाई समोर आली तेव्हाही तिने सगळी बटणं दाबली, मनातल्या मनात. परवानगी. लघवीला जाऊन आलात का. हात गरम. तोंडातून चकार शब्द नाही. जानेवारीतल्या दिल्लीचे गारठलेले हात थेट पोटावर.

बाई भिंतीकडे सरकली.

"ऐप में सौ, हाथ में ज़ीरो," परीक्षा घेणाऱ्या त्यागी मॅडम म्हणाल्या. "सोमवार को फिर. नहीं हुआ तो इस बार लेबर रूम नहीं."

हात गरम करा.

रविवार. कॅन्टोन्मेंटमधल्या क्वार्टरच्या दाराशी मयुरावहिनी उन्हात मटार सोलत बसलेली. सातवा महिना, दादा सीमेवर.

"वहिनी, तुझं पोट तपासू?"

"का गं? मोबाईलमधली बाळंत झाली का?"

सुनयना हसली नाही. वहिनीने तिच्याकडे नीट पाहिलं आणि ताट बाजूला ठेवलं.

"चल. पण मी ती नव्हे हां."

वहिनी खाटेवर आडवी झाली. सुनयनाने हात पुढे केला. वहिनीने मनगट धरलं.

"विचारलंस?"

"मघाशी विचारलं की, दारात."

"तेव्हा मी बसले होते. आडवं झाल्यावर माणूस वेगळं असतं, सुनू."

(ॲपमध्ये या वाक्याला बटण नाही.)

सुनयनाने पुन्हा विचारलं. मोठ्याने. स्वतःचाच आवाज तिला अवघडल्यासारखा वाटला. वहिनी लघवीला जाऊन आली. तोवर सुनयनाने चहाचा पेला दोन्ही हातांत धरून ठेवला.

मग हात पोटावर. खाली कडक, गोल: डोकं. आता पाठ.

"डावीकडे," ती म्हणाली.

तिथे ठेवलेल्या तळव्याखाली टुणकन काहीतरी आपटलं.

"पाठीने लाथा मारतं वाटतं," वहिनी म्हणाली.

"ॲपमध्ये पाठ नेहमी डावीकडेच असते."

"मग ह्याला दाखव ते ॲप. शिकेल."

दोघी हसल्या, तसं पोट हललं आणि हात उचलावा लागला. पुन्हा ठेवताना सुनयनाने पुन्हा विचारलं. उजवीकडे एक लांब, गुळगुळीत, भरीव वळण. तिने तिथे हात राहू दिला. उशाशी मोबाईलचा पडदा केव्हाच काळा झाला होता.

पुढे.

सोमवारची बाई पानिपतहून आलेली. शाल हनुवटीपर्यंत. त्यागी मॅडम पायाशी उभ्या. सुनयनाला पहिली पायरीच आठवेना. तिने फक्त हात वर करून दाखवले.

"दीदी, बहुत ठंडे हैं. ज़रा रुकिए."

ती तळवे घासत राहिली. बाईला लघवीला जाऊन यायला सांगितलं. बाई परत येऊन आडवी झाली.

"अब लगाऊँ?"

आणि सुनयना थांबली. खरंच थांबली. बाई 'नाही'ही म्हणू शकली असती.

बाईने शालीतून हात काढून सुनयनाची बोटं चाचपली. "अब ठीक हैं," म्हणाली आणि शाल स्वतःच बाजूला केली.

डोकं खाली. पाठ... सुनयनाने घाई केली नाही. मग बाजू सांगितली. मॅडमनी स्वतःचे हात घासले, बाईला विचारलं, तपासलं, मान हलवली.

"कल से लेबर रूम," त्या म्हणाल्या. "वहाँ और ज़्यादा पूछना."