पाचवा बाजार

लंकाबाईला जाऊन पाच महिने झाले होते आणि त्यातल्या चार महिन्यांत रामहरीची पेन्शन वीस तारखेच्या आत संपली होती. झेडपीच्या शाळेत तीस वर्षं शिपाई असलेला माणूस. तंबाखू नाही, पत्ते नाहीत. पगार झाला की तो बायकोच्या, लंकाच्या हातात द्यायचा आणि चहापुरते मागून घ्यायचा. पैशाशी त्याचा संबंध तेवढाच.

मुलगी दिपाली नगरला एका पतसंस्थेत कामाला होती. चौथ्यांदा पैशासाठी फोन गेला तेव्हा ती म्हणाली, "आण्णा, मी कागद करून पाठवते, त्याप्रमाणं चाला. मे महिना शेवटपर्यंत निघाला तर राहा तिथं. नाही निघाला तर घराला कुलूप लावू आणि तुम्ही इकडं या."

रामहरीला जायचं नव्हतं. जावई चांगला होता, तो प्रश्न नव्हता. पण या घरात तो अजूनही सकाळी दोन कपांचं आधण ठेवायचा आणि चूक लक्षात आली की दुसरा कप शेजारच्या आक्काबाईला नेऊन द्यायचा. मुलीच्या घरी अशी चूक कशी करणार?

दिपालीचा कागद स्वच्छ होता. साडेअकरा हजारांची सहा पाकिटं: किराणा, भाजी, गॅस-वीज, औषध, प्रवास, इतर. भाजीच्या पाकिटावर लिहिलं होतं, चार आठवडी बाजार, प्रत्येकी चारशे. रामहरीने पाकिटं भिंतीतल्या देवळीत ओळीने लावली.

आठ तारखेला 'इतर' रिकामं झालं. लग्नसराई होती. तीन लग्नं, तीन ठिकाणी नवा टॉवेल, टोपी आणि वर आहेराचे पाचशे. दोन पत्रिका अजून खुंटीला होत्या.

"भावजी, टॉवेल इकत आणताय व्हय?" आक्काबाई कप परत द्यायला आली ती दारातच थांबली. "लंकीनं आयुष्यात कदी टॉवेल इकत घेतला न्हाई. पेटी उघडून बघा की."

"तिची पेटी हाय ती."

"मग? ती काय आता भांडायला येतीय?"

रामहरीने पत्र्याची पेटी ओढली. आत मानपानात आलेले टॉवेल, टोप्या, ब्लाउजपीस घडी घालून ठेवलेले, आणि प्रत्येकाला टाचणीने चिठ्ठी. 'हनुमंतच्या घरचा. ज्योतीच्या लग्नात आलेला.' आलेला आहेर पुढच्या लग्नात द्यायची रीत त्याला माहीत होती. पण घरात ती इतकी शिस्तीत चाललीय, हे त्याने कधी पाहिलं नव्हतं.

"चिठ्ठी वाचून उचला," आक्काबाई म्हणाली. "न्हाईतर हनुमंताचा टॉवेल हनुमंतालाच घालताल. आन् दर लग्नाला पाचशे कशाला? लंकी भावकीत पाचशे द्यायची, वळखीत एकावन्न. लांबच्या लग्नाला जायचीच न्हाई, जाणाऱ्यासंगं धाडायची."

पेटीत एका बाजूला वेगळं गाठोडं होतं. त्याला चिठ्ठ्या नव्हत्या.

"ते लग्नात द्यायचं न्हाई," आक्काबाई हळू म्हणाली. "ते दुखवट्याचं हाय, कापडं-टोप्या. दहाव्याला तुमाला आलेलं. मीच ठिवलं हुतं. ते तुमी वापरायचं."

त्याने गाठोडं तसंच ठेवलं आणि पेटी लावली.

त्यानंतर महिना बरा चालला. तो बाजाराला सकाळी न जाता पाच वाजता जाऊ लागला. त्या वेळी वांगी निम्म्या भावात मिळतात, हे आक्काबाईनेच सांगितलं. चौथ्या बाजाराला भाजीचं पाकीट संपलं. आता निभावलं असं त्याला वाटलं आणि त्याने कॅलेंडर पाहिलं. महिन्यात पाचवा बाजार होता.

तो त्याने गाठला. कसा, ते कुणाला सांगितलं नाही.

एकतीस तारखेला दिपाली आली. सगळ्या पाकिटांत मिळून ऐंशी रुपये उरले होते. त्याने ते तिच्यासमोर ठेवले.

"वा आण्णा!" ती म्हणाली, पाणी प्यायला आत गेली आणि फळीवरची गोळ्यांची पट्टी हातात घेऊनच बाहेर आली. "ही बीपीची गोळी. चौदाला नवी पट्टी सुरू केली म्हणाला होतात, पंधराची. ती अठ्ठावीसलाच संपायला हवी होती. पुढची तुम्ही आणलीच नाही. आणि यातल्याही दोन शिल्लक!"

रामहरी रिकामं पाकीट सरळ करू लागला.

"एक दिवस आड खाल्ल्या ना?"

"पाचवा बाजार आला गं. कागदात चारच हुते."

दिपालीने पट्टी ऐंशी रुपयांशेजारी ठेवली. ती चिडेल, घराला कुलूप लावायचं म्हणेल, असं त्याला वाटलं. ती खाली बसली.

"कागद माझा चुकला," ती म्हणाली. "पण गोळीचं पाकीट फोडायचं नाही. फोडलंत तर त्याच दिवशी नगर. आई असती तर काय केलं असतं तिनं?"

"ती बाजारावर चालायची. म्हयन्यावर न्हाई."

मग दोघांनी शाळेच्या जुन्या वहीत नवं लिहिलं. पहिली गोळी. मग बाजार, पाच धरून. ज्या महिन्यात चारच येतील त्याचे चारशे बाजूला. किराणा कमी, कारण एका माणसाला दोन किलो साखर लागत नाही. आहेराला पेटी. कपड्यांना दिपालीने दोनशे धरले.

"ते खोड," रामहरी म्हणाला. उठला, पेटीतलं गाठोडं सोडलं आणि त्यातली एक टोपी काढून डोक्यावर घातली. जरा घट्ट होती.

"कपडे हायेत. दोन वर्सं पुरतील."

दिपालीने दोनशे खोडले. मग तिने खाली आणखी एक ओळ लिहिली: सकाळचा चहा, दोन कप.