धोबीणमावशीच्या पिवळ्या चादरी

मित्रांनो, मी एक जुनं धरण आहे, सगळं मातीचं. अंगावर गवत वाढल्यामुळे तुम्हाला मी टेकडीच वाटेन. माझ्या पोटात पिवळी चिकण माती आहे. पाणी शिंपडून, थरावर थर देऊन, रूळ फिरवून ती बसवली होती. मला बांधून झालं तेव्हा लांबून लोक बघायला आले आणि तोंडात बोटं घालून परत गेले.

माझ्या पायथ्याशी थोडं पाणी पाझरायचं. मातीच्या धरणाला तेवढा पाझर असायचाच. जुना चौकीदार रोज ते पाणी काचेच्या ग्लासात धरून उजेडात बघायचा आणि वहीत ‘नितळ’ असं लिहायचा. लोक त्याला ‘ग्लासवाला’ म्हणून चिडवत. तो निवृत्त झाला आणि त्याच्या जागी कुणी आलंच नाही. ग्लास अजून चौकीच्या खिडकीत पालथा पडलाय.

त्या पाझरावर धोबीणमावशी लॉजच्या चादरी धुते. तिचं घरही माझ्या पायथ्याशीच, अगदी पहिलं. गेल्या महिन्यात पांढऱ्या चादरी पिवळ्या पडू लागल्या, तशी ती तडक इंजिनिअरसाहेबांकडे गेली.

“साहेब, पाण्यात माती येतेय हो!”

“मावशी, धरण मातीचं आहे. माती नाही तर काय दूध येणार?”

तरी मावशीची कटकट नको म्हणून साहेबांनी गवंडी पाठवला. त्यानं पाझराचं तोंड सिमेंटनं बुजवलं. पायथा कोरडा ठणठणीत झाला आणि सगळे खूश झाले.

मित्रांनो, ती माती माझ्या पोटातली होती. आत हात जाईल एवढं बीळ पडलंय. त्या तोंडावर वाळू आणि खडीचा थर द्यायला हवा होता, म्हणजे पाणी गेलं असतं आणि माती राहिली असती. मग कोंडलेलं पाणी आतल्या आत दुसरी वाट शोधू लागलं. हे बीळ वाढलं तर मी फुटेन, याची मला फार भीती वाटते.

काल सकाळी पाण्याला ती वाट सापडली. मावशीच्या मागच्या दारी, कपड्यांच्या दोरीखाली जमीन भुसभुशीत झाली आणि पिवळं पाणी बुडबुडू लागलं. मावशी म्हणाली, “ओल आलीय, सुकेल.” पाय भरू नयेत म्हणून तिनं त्यावर एक फरशी टाकली.

तलाव काठोकाठ भरलाय. मला ओरडता येत नाही. तुमच्यापैकी कुणी तिकडून जात असाल, तर खिडकीतला तो ग्लास घ्या आणि फरशी उचलून पाणी बघा. पिवळं दिसलं तर आधी मावशीचा हात धरून तिला उंचावर न्या. चादरी राहू द्या दोरीवर.