प्रेषित मेल्कीचं नाक

शनिवार, सकाळचे सहा वाजून दहा मिनिटं. कॅमेरूनच्या आग्नेय टोकाला, मेदुम गावाच्या जंगलात, झावळ्यांच्या आडोशामागे साठ माणसं श्वास रोखून बसली होती. आडोशाच्या कडेला हिरव्या झग्यातला प्रेषित मेल्की उकिडवा बसला होता. त्याने दोन बोटांनी नाक दाबलं आणि देवदूतांच्या भाषेत प्रार्थना सुरू केली. "न्येंऽऽ... न्येंऽऽ..."

चौथ्या मिनिटाला झुडूप हललं. सशाहून जरा मोठं, वाकलेल्या पाठीचं एक डायकर हरिण बाहेर आलं. थबकलं. दहा पावलं चाललं, पुढचे दोन्ही पाय दुमडले आणि मान खाली घातली.

"गुडघे टेकले!" मागच्या रांगेतली बाई हुंदका देत म्हणाली. हरिण उधळलं. पण काम झालं होतं.

"बघितलंत?" मेल्की उठला. "मुकं जनावर देवाला ओळखतं, आणि तुमच्या गावाने देवाच्या कोठाराला कुलूप लावलंय! पाच वर्षं! का? तर म्हणे हरणं संपतात. अरे, मी हाक मारली की येतं. देवाचा कळप संपतो होय?"

"आमेन!" लाकडाच्या कारखान्याकडून आलेली माणसं ओरडली. गावकरी त्यांच्याहून मोठ्याने ओरडले.

कुलूप लावणारी तिसऱ्या रांगेत बसली होती. पेलाजी तिचं नाव. संरक्षित जंगलाच्या कडेचा हा पट्टा गावाच्या ताब्यातला. तिथे शिकार करायची की नाही, हे गावाने ठरवायचं. पाच वर्षांपूर्वी पेलाजीने घरोघर फिरून तो बंद करायला लावला, तेव्हा दिवसभर चालूनही तिथे हरणाची लेंडी दिसत नव्हती. तेव्हापासून दर बुधवारी ती ठरलेल्या वाटांवरून लेंड्या आणि खुरांचे ठसे मोजत आली. हरणं परतत होती. आता गावाने जंगल उघडायचा अर्ज केला, तर बंदुका आत शिरणार होत्या. सह्या उद्या, रविवारी व्हायच्या होत्या. बर्फाच्या पेट्या भरलेली मटणवाल्याची गाडी कालपासूनच चर्चजवळ उभी होती. प्रेषित गेले तीन आठवडे त्याच गाडीतून गावात येत होता, आणि त्यात कोणाला काही खटकलं नव्हतं.

"काय लेंडीबाई," परतीच्या वाटेवर तिचा मामेभाऊ गास्तों म्हणाला, "देव स्वतः हरणं पाठवतोय. आता तू काय मोजणार?"

"तुझी अक्कल मोजते. लवकर उरकेल."

तोंडाने टोला हाणला, तरी मन शांत नव्हतं. हरिण तर आलं होतं. तिने डोळ्यांनी पाहिलं होतं.

मेल्कीचा धर्म मोठा शिस्तीचा. प्रार्थनेआधी तीन दिवस साबण वर्ज्य, आणि अत्तर म्हणजे सैतानाचा घाम. पांढरा कपडा घालायचा नाही. वाऱ्याकडे तोंड करून बसायचं, कारण आत्मा वाऱ्यातून येतो. खोकला येणं हे पाप. पहिल्याच शनिवारी एका म्हाताऱ्याला हाकलून दिलं होतं, तो प्रार्थनेत हसला म्हणून. मोंगांबे त्याचं नाव. तो जंगलात शिकारीवर जगत आलेल्या बाका जमातीचा, रस्त्याच्या शेवटच्या वस्तीतला.

दुपारी पेलाजी त्याच्या दारात जाऊन बसली.

"आजोबा, प्रार्थनेत का हसलात तुम्ही?"

मोंगांबे वेताची साल काढत होता. "माझा बाप अशीच प्रार्थना करायचा. फक्त त्याच्या हातात भाला असायचा."

त्याने सुरी खाली ठेवली, नाक दाबलं आणि आवाज काढला. न्येंऽऽ. शेजारच्या झोपडीतून एक बाई डोकावली. "काय हो, भरदुपारी शिकारीला निघालात?"

"पिल्लू संकटात सापडलं की असं ओरडतं," मोंगांबे म्हणाला. "ऐकून आई धावत येते. कधी बापही येतो. झुडपाआड दबून बसायचं आणि हाक घालायची."

"मग तीन आठवडे गप्प का राहिलात?"

"मला विचारलं कोणी? हसलो तर हाकललं. बोललो असतो तर काय केलं असतं?" तो पुन्हा साल काढू लागला. "तुमच्या आजोबांनाही येत होती ही हाक. मग तारेचे फास आले, बंदुका आल्या, आणि तुमची नाकं नुसती शिंकरायला उरली."

पेलाजीने प्रेषिताचे नियम एकेक करून बोटांवर घेतले. साबणाचा वास. पांढरा कपडा. हिरवा झगा. वाऱ्याची दिशा. त्यातला एकही प्रार्थनेचा निघाला नाही, सगळे शिकाऱ्याचे.

"पण ते गुडघे टेकतं, त्याचं काय?"

"ते तिथली माती सांगेल."

"उद्या तुम्ही या ना."

"मला पुन्हा हाकलतील. नाक तुलाही आहे, पोरी. बस इथे."

रविवारी चर्चमधली प्रार्थना आटोपली, अर्जाचा कागद टेबलावर आला, तेव्हा पेलाजी गावप्रमुखासमोर उभी राहिली. गावप्रमुख अंकुम तिचा सख्खा मामा. "मामा, एक तास द्या. मग खुशाल सह्या करा."

"पोरी, लोक भुकेलेत."

"तीन आठवडे साबणाशिवाय राहिलेत, एक तास केळ्यांशिवाय राहतील."

लोक हसले, म्हणून मामाला नाही म्हणता आलं नाही.

तिने सगळ्यांना ओढ्यापलीकडे नेलं, वाऱ्याकडे तोंड करून झुडपांमागे बसवलं. "मी देवाचं नाव घेणार नाही," ती म्हणाली. "उपासही धरलेला नाही. सकाळी दाण्याची आमटी पोटभर खाल्लीय." मग नाक दाबलं.

काहीच आलं नाही. कोणीतरी फिसकन हसलं. मेल्की कुजबुजला, "भगिनी, देवदूतांना शेंगदाण्यांचा वास आवडत नाही."

पाच वर्षांचा शब्द आता पेलाजीच्या नाकावर येऊन ठेपला होता. तिने पुन्हा हाक घातली, म्हाताऱ्याने शिकवली तशी: शेवट तोडून, रडवेली.

डायकर आलं. धावत आलं. मादी होती, सड दुधाने भरलेले. ती मधोमध थांबली, इकडेतिकडे मान वळवत राहिली. जिथून पिल्लू ओरडलं तिथे पिल्लू नव्हतं. मग ती परत फिरली.



"पण गुडघे टेकले नाहीत!" मेल्की गरजला. "नक्कल आणि कृपा यात फरक असतो!"

"चला, कृपा उकरून बघू." पेलाजी सगळ्यांना घेऊन सरळ त्याच्या प्रार्थनेच्या जागी गेली आणि हरणाने पाय दुमडले होते तिथला पालापाचोळा बाजूला केला. खाली कोपरभर खोल, अरुंद खड्डा होता. तिने आतली माती चिमटीत घेऊन मामाच्या जिभेवर ठेवली.

मामाने तोंड वाकडं केलं. "मीठ आहे."

"जीभ खड्ड्याच्या तळाला पोचवायची तर पाय दुमडावे लागतात. तुम्हीही दुमडाल."

"मीठसुद्धा देवानेच केलंय!" मेल्की म्हणाला, पण त्याची पावलं गाडीकडे वळली होती.

"केलं असेल," पेलाजी म्हणाली. "खड्डा तू केलास." मग ती लोकांकडे वळली. "ऐका. चमत्कार दाखवणारा आधी नियम सांगतो. ते नियम कोणाच्या सोयीचे आहेत, एवढं तरी विचारत जा. आणि त्याला नसेल विचारायचं, तर ज्याला ठाऊक आहे त्याला विचारा. तो हसत होता, त्याला तुम्ही हाकललंत. तुम्ही ज्याला भक्त समजलात ती आई होती. तिला हाकेने बोलावून गोळी घातली की मागे पिल्लूही मरतं. पाच वर्षांपूर्वी इथे घसा फाटेपर्यंत ओरडला असतात, तरी काही आलं नसतं. आज आलं, ते कुलपामुळे आलं."

"ते सगळं खरं गं," गास्तों म्हणाला, "पण आता हाक आम्हालाही आली ना! मग येतंय तोवर खाऊ." त्याने नाक दाबून बघितलं. दोघेतिघे हसले. पेलाजी हसली नाही.

मंगळवारपर्यंतची माहिती अशी. जंगल उघडावं म्हणून सव्वीस सह्यांचा अर्ज तालुक्याच्या कचेरीत पोचला आहे. उघडू नये म्हणून दुसरा अर्ज गेला, त्यावर गावप्रमुखाची सही आहे आणि बाका वस्तीतले अठ्ठावीस अंगठे आहेत. ते ग्राह्य धरायचे की नाही, यावर साहेबांचा विचार चालू आहे. प्रेषित मेल्कीची येत्या शनिवारी नदीपलीकडच्या गावात प्रार्थना आहे. येताना साबण लावू नये, असं निमंत्रणात छापलं आहे.

बुधवारी पेलाजी नेहमीच्या वाटेने मोजणीला गेली. ओढ्याजवळ ताज्या लेंड्या दिसल्या. तिथून वीस पावलांवर तारेचा नवा फास लावलेला होता. तो रिकामा होता.