पाटीवरची तिसरी ओळ

“आधी माहिती पुरते का ते पाहाय, नले. उत्तराची घाई कायले?”

मित्रांनो, धर्मपालचा हा आवाज माझ्या दगडात अजून आहे. मी एक जुनी पाटी. ढाणकीच्या बाजारातून पैनगंगेकाठच्या नागोरावांनी मला थोरल्या लेकासाठी, धर्मपालसाठी आणले. तो सातवी पास झाला आणि मी त्याच्या धाकट्या बहिणीकडे, नलूकडे आले. कोळसा घासून ती मला काळीभोर ठेवी.

१९५८ च्या हिवाळ्यात धर्मपालने माझ्यावर लिहिले: एका संख्येला चोवीसने भाग जातो का? अ) चारने जातो. ब) सहाने जातो. नलूने चार सख चोवीस म्हणत ‘हो’ लिहिले. तो हसला. “मंग बाराचं काय करशील?” बाराला चारनेही भाग जातो, सहानेही, चोवीसने नाही. चोवीसला दोन हा अवयव तीनदा लागतो. इथे दोनदाचीच खात्री.

दुसऱ्या दिवशी तो नदीवर गेला तो आलाच नाही. काठावर चपला सापडल्या, पाण्यात सदरा. गावाने दोन्ही जोडून तो बुडाला असे ठरवून टाकले. आठव्या दिवशी नागोराव त्याच्या मृत्यूनंतरच्या वंदनेचा दिवस ठरवू लागले. रुखमाबाई मात्र रोज सांजेला त्रिशरण म्हणून लेकाचे ताट वाढतच होत्या.

नलू मला छातीशी धरून उभी राहिली. “बाबा, चपला हायेत, सदरा हाये. तरी माहिती पुरत नाही.”

“पोरी, नदी का गणित सोडवून राह्यली?”

तिने मला ओल्या फडक्याने पुसून खुंटीला टांगले. सकाळी माझ्यावर एकच ओळ होती: क) आठने भाग जातो. शेपूट लांब ओढलेला तो आठ धर्मपालचाच. खरे सांगते, पेन्सिलीचा भार मला जाणवला नव्हता. फक्त आतून गार वाटले. घरातली एकुलती पेन्सिल तर त्याच्याबरोबरच गेली होती.

नागोरावांनी आठावरून बोट फिरवले. बोटाला पांढरे लागले नाही.

“कमी होता तो दोन आठात भेटला,” नलू हळूच म्हणाली. “बाबा, पल्याडच्या काठावर कोणी इचारलं का?”

कोणीच विचारले नव्हते.  मग नागोराव म्हणाले, “पल्याड जाऊन घरोघर इचारीन. तोवर दिवस ठरवत नाही.”

मित्रांनो, पाटी पुसायला ओले फडके घ्या. माणूस पुसायची मात्र घाई करू नका.

रुखमाबाईंनी दोन भाकरी फडक्यात बांधून दिल्या. नागोरावांनी त्या काखेत घेतल्या आणि ते नावेच्या वाटेला लागले. धुके दाट होते. चार पावलांत ते मला दिसेनासे झाले.